एक खोका कमी: नाशिकच्या एका एनसीसी कॅम्पमधील प्रकरण

दहा दिवसांच्या वार्षिक कॅम्पमध्ये फायरिंग संपले आणि मोजणीत पितळेचा एक रिकामा खोका, म्हणजे झाडलेल्या गोळीचे मागे उरणारे आवरण, कमी भरला. खोका त्याच रात्री मिळाला. मधल्या दहा-अकरा तासांत एक पहिल्या वर्षाचा कॅडेट, एक कॉर्पोरल, एक सीनियर अंडर ऑफिसर (एसयूओ, कॅडेटमधला सर्वांत वरचा हुद्दा) आणि दोन प्रशिक्षक यांना जे निर्णय घ्यावे लागले, त्यांचा हा अभ्यास आहे. ओळख पटू नये म्हणून कॉलेज, बटालियन आणि वर्ष दिलेले नाही. काही किरकोळ तपशीलही बदलले आहेत.

पार्श्वभूमी

कंपनी, म्हणजे एनसीसीची तुकडी, एका पदवी महाविद्यालयाची. मुले-मुली मिळून 64 कॅडेट, बरेचसे सिन्नर, निफाड, दिंडोरीकडून रोज एसटीने येणारे. नाशिकच्या मुलांना लष्कर परके नाही. देवळालीला तोफखान्याची शाळा आहे, गांधीनगरला आर्मी एव्हिएशनचे प्रशिक्षण चालते, भोसला मिलिटरी स्कूल 1937 पासून शहरात आहे. नाशिकरोडच्या छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्रात राज्य शासन सीडीएस (लष्करी अधिकारी होण्यासाठीची यूपीएससीची लेखी परीक्षा) आणि एसएसबी (अधिकारी निवड मंडळाची मुलाखत) यांची तयारी करून घेते. त्यामुळे कंपनीतल्या निम्म्या मुलांच्या डोक्यात अधिकारी होण्याचा विचार पक्का असतो.

त्या वाटेवर एनसीसीच्या 'सी' सर्टिफिकेटला मोठी किंमत आहे. किमान 'बी' ग्रेड आणि पदवीला 50 टक्के गुण असतील, तर एनसीसी स्पेशल एंट्रीतून यूपीएससीची लेखी परीक्षा न देता एसएसबीपर्यंत पोहोचता येते. सर्टिफिकेटच्या परीक्षेला बसायचे तर कॅम्पची हजेरी लागते. म्हणून 'कॅम्पमधून परत पाठवतील' ही भीती मुलांच्या मनात फार खोल असते. या प्रकरणातल्या जवळजवळ प्रत्येक चुकीच्या पावलामागे ती आहे.

फायरिंग .22 डिलक्स रायफलने, 25 यार्डांवर, झोपून. आठ लेन, आठ डिटेल (एका वेळी झाडणारे आठजणांचे गट), प्रत्येकी पाच राउंड (गोळ्या). एकूण 320. .22 च्या डब्यात 50 राउंड येतात, म्हणजे सहा डबे पूर्ण आणि सातव्यातले 20. तिसऱ्या डिटेलमध्ये एक राउंड मिसफायर झाला, म्हणजे उडालाच नाही. कॅडेटने शिकवल्याप्रमाणे नळी टार्गेटकडेच ठेवून हात वर केला, अर्धा मिनिट थांबून उस्तादांनी (प्रशिक्षकांनी) बोल्ट उघडला, तो राउंड वेगळा ठेवला आणि बदली राउंड दिला नाही. त्यामुळे हिशेब असा जुळायला हवा होता: 319 खोके आणि 1 मिसफायर. भरले 318 आणि 1.

खोका का मोजतात

पहिल्या वर्षाच्या मुलांना हे सहसा नीट सांगितले जात नाही, म्हणून इथे थोडे थांबायला हवे. रिकाम्या खोक्याने कुणाला इजा होत नाही. पण दिलेला प्रत्येक राउंड झाडला गेला, याचा रेंजवर तेवढाच पुरावा असतो. एक खोका कमी म्हणजे कदाचित एक जिंदा (न झाडलेला) राउंड कुणाच्या तरी खिशात, पिशवीत, तंबूत आहे. तो तसा नाही, हे सिद्ध होईपर्यंत आहे असे धरूनच चालावे लागते. विनापरवाना जिंदा राउंड जवळ बाळगणे 1959 च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा आहे, ही त्याच्या पुढची गोष्ट.

म्हणून फायरिंग झाल्यावर क्रम ठरलेला असतो. 'खाली कर'. बोल्ट मागे, चेंबरमध्ये नजर, मॅगझीन बाहेर. उस्ताद प्रत्येक रायफल तपासतात. मग आपापले खोके वेचून जमा करायचे आणि शेवटी डिक्लेरेशन द्यायचे: 'मेरे पास कोई जिंदा राउंड या खाली खोखा नहीं है।' शब्द युनिटप्रमाणे थोडे बदलतात, अर्थ तोच. डिक्लेरेशननंतर एरवी झडती घेतली जात नाही. गणवेशातल्या माणसाने सांगितले म्हणजे ते खरे, या गृहीतावर रेंज बंद होते. सॅल्यूटसारखीच ही प्रथा आहे. सॅल्यूट समोरच्या माणसाला नसून त्याला मिळालेल्या राष्ट्रपतींच्या कमिशनला असतो, हे माहीत असलेला कॅडेट न आवडणाऱ्या अधिकाऱ्यालाही हात नीट नेऊन सॅल्यूट करतो. ज्याला फक्त कोपर आणि पंजा शिकवला, तो कुणी पाहत नसेल तर हात अर्ध्यावरून खाली आणतो.

या कंपनीत डिक्लेरेशन परेड ग्राउंडवर शिकवले गेले होते, तेही आवाजासाठी. 'पोटातून आवाज काढा' हे मुलांनी पुन्हा पुन्हा ऐकले होते. आपण काय म्हणतो आहोत, याची कुणाला आठवण करून दिली गेली नाही. रेंजवरही आठजणांनी एका सुरात, एका दमात म्हटले. सुरात म्हटलेले वाक्य कुणा एकाचे राहत नाही.

अडचण

सव्वाअकराला फायरिंग संपले. मोजणी दोनदा झाली. रेंजचे इन्चार्ज सुभेदारसाहेब अनुभवी होते. मिसफायर दोनदा धरला गेला नाही ना, हे त्यांनी सर्वांत आधी पाहिले. मग आठही रायफलींचे चेंबर, अंथरलेल्या सतरंज्यांच्या घड्या, वाळूच्या पिशव्यांमधल्या फटी. काहीच नाही.

नेमके कुणाच्या डिटेलमध्ये कमी पडला हे सांगता येत नव्हते, कारण सर्व डिटेलचे खोके एकाच कापडी पिशवीत पडत होते आणि मोजणी शेवटी एकदाच झाली. प्रत्येक डिटेलनंतर चाळीस मोजले असते तर शोध आठजणांपुरता आणि पाच मिनिटांचा राहिला असता. वेळ वाचवण्यासाठी हा टप्पा गाळला होता.

शोध साडेअकराला सुरू झाला. बोल्ट ओढला की खोका उजवीकडे एक-दोन मीटरवर पडतो, त्यामुळे फायरिंग पॉइंटच्या उजव्या बाजूला सुतळ्या बांधून फूटभर रुंदीचे पट्टे केले आणि कॅडेट गुडघ्यांवर खांद्याला खांदा लावून सरकत गेले. डिसेंबरचे वाळलेले गवत आणि पितळ यांचा रंग एकच. खोका जेमतेम दीड सेंटिमीटरचा. पितळ असल्याने चुंबकाचाही उपयोग नाही. अडीच वाजेपर्यंत 64 जण शोधत होते. जेवण रखडले, दुपारचा नकाशावाचनाचा वर्ग रद्द झाला.

खोका तेव्हा शोधणाऱ्यांपैकीच एकाच्या स्वेटरच्या दुमडलेल्या बाहीत होता. सहाव्या डिटेलमधल्या या कॅडेटने आयुष्यात पहिल्यांदा रायफल हातात घेतली होती आणि पाचही गोळ्या एका इंचाच्या आत बसवल्या होत्या. पाचवा खोका आठवण म्हणून त्याने ठेवून घेतला. चार पिशवीत टाकले आणि इतर सातजणांबरोबर डिक्लेरेशन म्हटले.

पहिला निर्णय: शोध सुरू करताना काय बोलायचे

शोधाआधी सगळ्यांना फॉल-इन करून सांगण्यात आले की, ज्याच्याकडे निघेल त्याला आजच घरी पाठवू. राग समजण्यासारखा होता. पण या एका वाक्याने कॅडेटचा परतीचा रस्ता बंद केला. नंतरच्या लेखी जबाबात त्याने लिहिले की, तोपर्यंत पुढे होऊन द्यायचे त्याच्या मनात होते. पहिल्या दहा मिनिटांत कबूल करणे जड होते, एका तासाने कबूल करणे म्हणजे साठ जणांना गुडघ्यांवर रांगायला लावल्याचे कबूल करणे होते. अडीच वाजेपर्यंत ते त्याच्या आवाक्याबाहेर गेले.

दुसरा मार्ग होता. पाच मिनिटे सर्वांना जागेवरच थांबवायचे: स्वेटर काढून झाडा, बाह्या उलटा, खिसे बाहेर काढा, बूट झाडा, विजारीच्या घड्या पाहा. उडालेला खोका कपड्यांत खरोखर अडकतोही, त्यामुळे ही पायरी एरवीही हवीच. यावर आक्षेप येतो की, मुलगा 'अडकला होता' म्हणून सुटेल. सुटेल कदाचित. पण रेंजवर पहिला प्रश्न जिंदा राउंड बाहेर आहे का हा असतो, चारित्र्याचा प्रश्न संध्याकाळपर्यंत थांबू शकतो. शिवाय पहिल्या पाच मिनिटांत वस्तू बाहेर काढणाऱ्या मुलाशी नंतर बोलता येते. तीन तास लपवलेल्या मुलाशी बोलणे कितीतरी अवघड जाते.

दुसरा निर्णय: तंबूतला कॉर्पोरल

संध्याकाळी सातच्या सुमारास त्याच तंबूतल्या दुसऱ्या वर्षाच्या कॉर्पोरलने त्याला खोका रुमालात गुंडाळताना पाहिले. कॉर्पोरलपुढे तीन वाटा होत्या. गप्प बसणे, जे तंबूतल्या बाकीच्यांना साहजिक वाटले असते. थेट ए.एन.ओ. (कंपनी सांभाळणारे असोसिएट एनसीसी ऑफिसर) सरांकडे जाणे, जे नियमाने बरोबर होते. त्याने तिसरी वाट घेतली: "रोल कॉलच्या आत तू स्वतः जाऊन सांग. नाही सांगितलंस तर मी जाणार. आणि हे तुझ्या तोंडावर सांगतोय, मागून नाही."

या प्रकरणातला सर्वांत चांगला निर्णय हाच, असे ठामपणे म्हणता येते. कबुलीची संधी दिली आणि तिला वेळेची मर्यादा घातली. 'चुगली' हा शब्द मुलांना फार बोचतो. चुगलीत समोरच्याला अंधारात ठेवलेले असते, इथे तसे काही नव्हते. एक त्रुटी मात्र राहिली. खोका ताब्यात घेऊन त्याने तंबूत जिंदा राउंड नाही ना, याची खात्री करायला हवी होती. ते त्याला सुचले नाही, कारण कुणी शिकवले नव्हते.

तिसरा निर्णय: 'कुठे?'

पावणेआठला कॅडेट गेला, पण सरांकडे नव्हे, तिसऱ्या वर्षाच्या एसयूओकडे. ज्युनियरने आधी सीनियरकडे जावे हे रीतीला धरूनच आहे. अडचण पुढे झाली. त्या वेळेपर्यंत कॅम्प कमांडंटना कळवले गेले होते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला संपूर्ण कॅम्पने रेंजवर शोध घ्यायचा असे ठरले होते. एसयूओने कॅडेट आणि कॉर्पोरल दोघांना बोलावले आणि योजना सांगितली: "खोका माझ्याकडे दे. सकाळी गवतात टाकू, आपल्याच कंपनीला सापडेल. मी बघतो."

हा मोह ओळखून घेण्यासारखा आहे, कारण तो वाईट मुलाला पडलेला मोह नव्हता. एसयूओला ज्युनियरला वाचवायचे होते. बेस्ट कंपनीचा झेंडा हातचा जाऊ नये असेही वाटत होते. हिशेब जुळला असता, कुणाचे नुकसान दिसले नसते. पण रजिस्टरमध्ये 'रेंजवर सापडला' अशी खोटी नोंद झाली असती आणि तिच्यावर सुभेदारसाहेबांची सही असती. शेकडो कॅडेट थंडीत मुद्दाम टाकलेली वस्तू शोधत फिरले असते. आणि आपल्या सीनियरचे खोटे दोन ज्युनियरना कायमचे माहीत राहिले असते. तो सीनियर उद्या त्यांना 'खरे बोला' असा हुकूम कोणत्या तोंडाने देणार? कॉर्पोरल तिथेच म्हणाला, "सीनियर, मला यात धरू नका."

रोल कॉल झाला, एसयूओ काही बोलला नाही. दहाला दहा मिनिटे असताना तो ए.एन.ओ. सरांच्या तंबूत गेला आणि खोका पुढे ठेवून म्हणाला, "सर, सापडला."

सरांनी एवढेच विचारले, "कुठे?"

तो थोडा वेळ उभा राहिला आणि मग सगळे सांगितले, स्वतःच्या योजनेसकट. सरांनी 'कुणाकडे?' असे विचारले असते तर आधी नाव आले असते आणि बाकीचे कदाचित आलेच नसते. आरोप नसलेला, टाळता न येणारा प्रश्न विचारण्याचे हे कौशल्य ए.एन.ओ.च्या प्रशिक्षणात आवर्जून घ्यावे असे आहे.

पुढे काय केले

त्याच रात्री क्रमाने पाच गोष्टी झाल्या. खोक्याच्या बुडावरचा छाप त्या दिवशीच्या डब्यांतल्या राउंडशी जुळवून पाहिला आणि कडेवरची पिनेची खूण तपासली. हरवला तोच मिळाला, बाहेरून आणलेला नाही, एवढी खात्री त्यातून झाली. कॅडेटसमोर आणि आणखी एका प्रशिक्षकासमोर त्याचे सामान तपासले, जिंदा राउंड नव्हता. कमांडंटना कळवून सकाळचा शोध रद्द केला. तिघांना वेगवेगळे बसवून आपापल्या शब्दांत, वेळेसह, सही करून जबाब लिहायला सांगितले. कुणी मजकूर सांगितला नाही. रजिस्टरमधली 'एक कमी' ही नोंद खोडली नाही. तिच्याखाली त्या रात्रीची तारीख घालून दुसरी नोंद केली.

शिक्षेबाबत मतभेद होते. सुभेदारसाहेबांचे म्हणणे होते की खोटे डिक्लेरेशन दिलेल्या मुलाला परत पाठवावे, नाहीतर उद्या डिक्लेरेशनला अर्थ राहणार नाही. ए.एन.ओ.चे म्हणणे होते की त्या मुलाचा कॅम्प रद्द झाला तर इतर मुले यातून 'कबूल करू नये' एवढेच शिकतील. संपूर्ण कंपनीला शिक्षा देण्याची सूचनाही आली. ती कमांडंटनी तिथल्या तिथे फेटाळली, कारण 64 जणांनी आधीच तीन तास भोगले होते.

कमांडंटनी दोन गोष्टी वेगळ्या केल्या. खोका ठेवून घेणे हा पोरकटपणा. डिक्लेरेशन आणि नंतरचे मौन हा खोटेपणा. पोरकटपणासाठी समज दिली. खोटेपणासाठी उरलेल्या कॅम्पमध्ये फायरिंग बंद, फायरिंग टीमच्या निवडीतून नाव बाद आणि रोज ॲम्युनिशन पॉइंटवर सुभेदारसाहेबांच्या हाताखाली इतर कंपन्यांचे खोके मोजण्याचे काम. कॅम्पची हजेरी कायम राहिली. एसयूओला दोन तासांच्या दिरंगाईबद्दल तोंडी ताकीद मिळाली, रँक राहिली.

शाबासकी सर्वांसमोर आणि कानउघाडणी एकांतात, ही फौजेतली जुनी रीत आहे. इथे ती पूर्ण पाळता येत नव्हती, कारण रांगलेल्या मुलांना खरे कळण्याचा हक्क होता. मधला मार्ग निघाला. कॅडेटने कंपनीपुढे उभे राहून स्वतः दोन-तीन वाक्यांत सांगितले आणि माफी मागितली. त्यावर कुणी भाषण केले नाही. घरी त्याने स्वतःच फोन केला, त्यानंतर सर वडिलांशी बोलले.

परिणाम

कॅडेट एनसीसीत टिकला. मोजणीचे काम त्याने मनापासून केले. एका कंपनीच्या मोजणीत दोन खोके एकमेकांत अडकून एक धरले गेले होते, ते त्याच्याच नजरेला आले. पुढच्या वर्षी तो टीमच्या चाचणीला बसला. सुभेदारसाहेब शेवटपर्यंत शिक्षा सौम्य होती असेच म्हणत राहिले आणि त्यांचे म्हणणे सहज बाजूला सारण्यासारखे नाही.

कॉर्पोरलचे काय झाले, याकडे कुणाचे लक्ष नव्हते. त्याने धरलेला आग्रह तंबूत फुटला. दोन दिवस जेवणाच्या रांगेत त्याच्याशी कुणी बोलेना, त्याची मग-थाळी लपवली गेली. आठव्या दिवशी एका उस्तादांच्या हे लक्षात आले. तोपर्यंत कुठल्याही अधिकाऱ्याने त्याला 'तू बरोबर केलेस' असे म्हटले नव्हते. चूक करणाऱ्या दोघांशी तासन्‌तास बोलणे झाले, नीट वागणाऱ्याशी पाच मिनिटेही नाही. पुढच्या वर्षी रँकच्या चाचणीला तो पुढे आला नाही. या प्रकरणातले सर्वांत मोठे नुकसान हेच. ते टाळायला खर्च काहीच नव्हता: दुसऱ्या सकाळी कंपनीपुढे ए.एन.ओ.नी घेतलेले त्याचे नाव पुरेसे होते.

वेगळे काय करता येईल

त्या कंपनीने पुढच्या फायरिंगला काही बदल केले. पन्नास भोके पाडलेली लाकडी फळी आणली. प्रत्येक डिटेलचे खोके तिच्यात उभे करायचे, चाळीस भरले की रजिस्टरमध्ये लिहायचे, मगच पुढचे डिटेल. मिसफायरची नोंद वेगळ्या रकान्यात. डिक्लेरेशनआधी बाह्या-खिसे झाडण्याचा हुकूम. आणि डिक्लेरेशन सुरात न घेता एकेकाने, उस्तादांच्या डोळ्यांत पाहून, स्वतःचा नंबर आणि नाव सांगून. आठजणांना त्यासाठी दीड-दोन मिनिटे जास्त लागतात, 64 जणांना पाव तास. वेळ नाही ही सबब अशा वेळी पुढे येतेच, तिला तीन तासांचा तो शोध दाखवावा.

आठवण म्हणून काही हवे असते, हेही नाकारून चालणार नाही. पहिल्या फायरिंगचे ते वय असते. आता चांगल्या गटाचे कागदी टार्गेट, तारीख आणि सहीसह, कॅडेटला घरी नेऊ देतात. त्याचा हिशेब कुणाला द्यावा लागत नाही.

एसयूओची रँक राहावी की नाही, यावर त्या कंपनीच्या प्रशिक्षकांमध्ये अजूनही एकमत नाही. जे काढायला हवी म्हणतात ते रोल कॉलच्या वेळच्या त्याच्या मौनाकडे बोट दाखवतात. जे नको म्हणतात ते म्हणतात की, तो स्वतःच्या पायांनी तंबूत आला होता आणि स्वतःची योजना सांगायला त्याला कुणी भाग पाडले नव्हते. हे प्रकरण वर्गात चर्चेला घेताना हा प्रश्न कॅडेटनाच सोडवायला द्यावा, प्रत्येकाकडून आधी लेखी उत्तर घ्यावे आणि मगच चर्चा सुरू करावी. नाहीतर इथेही उत्तर एका सुरात येते.